तासाचं वाण

ही पुस्तिका एका वाणातून निघाली आहे, म्हणून आधी त्या वाणाबद्दल सांगते.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शिंदे की छावनीतल्या आमच्या घराच्या छतावर सतरंज्या अंथरल्या होत्या. (ग्वाल्हेरची मराठी माणसं गच्चीला छतच म्हणतात. लग्न होऊन पुण्याहून आले, त्यालाही आता पस्तीस वर्षं झाली, आणि माझ्याही तोंडात तोच शब्द बसला.) तिळगूळ झाला, गजक वाटून झाली आणि वाणाच्या स्टीलच्या वाट्या काढायला मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात समोरच्या घरातली सून म्हणाली, "काकू, मला यंदा वाटी नको. वाट्या घरात खूप आहेत. मला एक तास द्या."

कुणी हसलं नाही. तिला काय हवं होतं ते जमलेल्या प्रत्येकीला कळलं. तिचा मोठा मुलगा चौथीत, धाकटी पावणेदोन वर्षांची. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारी घरी शिकवण्या, संध्याकाळी सासऱ्यांची औषधं आणि सगळ्यांचा स्वयंपाक. धाकटीला कुणी तासभर सांभाळलं तर ती दार लावून झोपणार होती, एवढंच तिचं मागणं. पुढच्या मंगळवारी दुपारी तीनला तिची लेक माझ्याकडे आली आणि मटाराच्या शेंगांशी खेळत बसली. चारला आई तिला न्यायला आली तेव्हा तिच्या गालावर उशीच्या अभ्र्याची वळी उमटली होती. तिचा इतका सैल चेहरा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. तोवर आणखी पाच जणींनी तास मागितले होते आणि देणाऱ्याही पुढे आल्या होत्या. हिशेब राहावा म्हणून एक दोनशे पानी वही केली. तास कुणी दिला, कुणी घेतला, त्यात काय केलं, असे तीन रकाने. एकीनं लिहिलं, 'झोपले'. दुसरीनं, 'फुलबागेपर्यंत चालत जाऊन आले'. तिसरीनं कितीतरी वर्षांनी तानपुऱ्याची गवसणी काढली. एकीनं नुसतं 'रडून घेतलं' असं लिहून पुढे तारीख घातली. त्या वहीतल्या नोंदी आणि त्यांच्या निमित्तानं आम्ही केलेलं वाचन, विचारपूस, म्हणजे ही पुस्तिका. प्रस्तावना मी लिहावी असं ठरलं, ते मी वयानं मोठी म्हणून. मला मात्र ती वेगळ्या कारणासाठी लिहावीशी वाटली.

माझी लेक सहा वर्षांची असताना एका सकाळी दूध उतू गेलं. मी वळेपर्यंत ओटा, शेगडी, खालची फरशी, सगळीकडे दूध. बाहेर शाळेची रिक्षा भोंगा वाजवत होती. लेक एक मोजा पायात आणि एक हातात घेऊन विचारत होती, "आई, दुसरा उलटा आहे का?" मी तिला मारलं. मोज्याच्या प्रश्नासाठी मारलं. ती रडत रिक्षात बसली आणि मी जमिनीवर बसून दूध पुसत राहिले. त्या दिवशी मला वाटलं की मी वाईट आई आहे, आणि पुढे बरीच वर्षं तसंच वाटत राहिलं. आज माझ्यासमोर बसून तशीच गोष्ट सांगणाऱ्या मुलींना मला वेळेवर सांगायचं आहे की, बाई, तुझा स्वभाव वाईट नाही. तुझ्या पाठीवरचं खोगीर किती दिवसांत उतरलं नाही, ते आधी बघ.

खोगीर हा शब्द मला इथल्या मातीतून सुचला. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ दिला. तळ हलला नाही, त्याचंच शहर झालं आणि शहराचं नाव लश्करच राहिलं. आमची वस्ती त्या लश्करातली. बाहेरगावच्या पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्ही अटलजींचं नाव घेतो, कारण १९२४ साली अटलबिहारी वाजपेयी जन्मले ते याच छावणीत. पण नाव आहे शिंद्यांच्या फौजेचं, आणि छावणी ही फौजेची विसाव्याची जागा. दौडीवरून आलेल्या घोड्याचं खोगीर तिथे उतरतं, त्याला खरारा होतो, दाणा-पाणी मिळतं. ज्या घोड्याचं खोगीर उतरतच नाही त्याची पाठ सोलवटते, आणि मग कितीही चांगला घोडा असला तरी हात लावू देत नाही.

शरीराचंही असंच आहे. संकट दिसलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात. छाती धडधडते, श्वास वर वर चालतो, स्नायू आवळतात. मागोमाग कॉर्टिसॉल येतं आणि रक्तातली साखर वाढवून ताकद पुरवतं. संकट टळलं की हे सगळं ओसरावं अशी व्यवस्था आहे. ही व्यवस्था फार जुनी आणि चांगली आहे, तिला शत्रू समजायचं कारण नाही. अडचण एवढीच की तिला वाघ आणि शाळेची रिक्षा यांतला फरक कळत नाही. सहाला नळ येतो, सव्वासहाला डबा, पावणेसातला रिक्षा, आठला स्वतःची नोकरी, मग दिवसभर फोनवरचे शाळेचे निरोप. एक इशारा ओसरायच्या आत दुसरा वाजतो. मग रात्री अंग थकलेलं आणि डोळा लागत नाही, पोट बिघडलेलं, मानेत गाठी आणि शब्दाला शब्द.

फुलबागेजवळ झाशीच्या राणीची समाधी आहे. १८५८ च्या जूनमध्ये ती इथे लढता लढता पडली. पाठीशी मूल बांधून घोड्यावर स्वार झालेली राणी आम्ही शाळेत असल्यापासून पाहिली आहे, आणि आई म्हणजे कशी असावी हे सांगताना लोक अजून तेच चित्र पुढे करतात. राणीपुढे माझी मान कायम लवते. पण ते युद्ध होतं. मंगळवारची सकाळ युद्धासारखी जगायला लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

मंगळवारच्या सकाळचे आकडेही सरकारनं मोजले आहेत. २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुलांची, म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती आणखी वेगळी. पाच तास बिनपगारी घरकाम, शिवाय देखभाल, शिवाय नोकरी, आणि त्यावर आम्ही तिला सांगतो की पहाटे उठून ध्यान कर. पहाटे उठायला लावणारा कोणताही उपाय या पुस्तिकेत आम्ही घेतलेला नाही. जिची झोपच अपुरी आहे तिच्या झोपेतून वेळ काढणं हा उपाय होऊ शकत नाही.

मग काय घेतलं? जे फुकट आहे, जे दिवसाच्या मधल्या फटीत बसतं, आणि ज्यानं खोगीर दोन-चार मिनिटांसाठी का होईना खरंच उतरतं, तेवढंच. त्यात सगळ्यात वरचा मान श्वासाला आणि सुराला. ग्वाल्हेरात राहून दुसरं कशाला देणार?

श्वास घेताना हृदय किंचित भरभर चालतं आणि सोडताना हळू होतं. मेंदूपासून पोटापर्यंत उतरलेली व्हेगस नावाची एक मज्जातंतूंची वाट आहे, ती उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला लगाम लावते. म्हणून सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांबवला की धडधड ओसरू लागते. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आले तर हृदयाची लय आणि रक्तदाब एकमेकांना धरून चालायला लागतात. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. काही लोकांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला. दोन धर्म, दोन भाषा, आणि लय एकच. प्राणायामाला प्रयोगशाळेत नेण्याचं काम तर आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ते योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम यंत्रांनी मोजण्यासाठीच.

आता गाण्याकडे या. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या घराण्याचं हे गाव. इथूनच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात नेला. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकारानं इथे माधव संगीत विद्यालय निघालं आणि मध्यमवर्गीय घरांतल्या पोरी तानपुरा घेऊन बसू लागल्या. सकाळी खर्जात एक सा लावायचा आणि श्वास पुरेल तोवर धरायचा, ही गाण्याची पहिली शिकवण. म्हणजे पटकन श्वास घेऊन तो फार सावकाश सोडायचा. गुरुजी सूर पक्का व्हावा म्हणून शिकवत असतील, पण त्यात छातीची धडधडही खाली येते. वहीतली तानपुरेवाली आई लिहिते की तिला राग आठवेना, बंदिश आठवेना, तिनं नुसता सा लावला आणि पंधराव्या मिनिटाला तिच्या खांद्यांचं ओझं उतरलं. ज्यांना गाणं येत नाही त्यांनी भ्रामरी करावी. तोंड मिटून भुंग्यासारखा नाद काढायचा, तोही उच्छ्वासच. आणि अंगाई? बाळ झोपावं म्हणून आपण गातो, पण हळू चालीत, मांडीवर हलत, खालच्या सुरात गाताना आईचाही श्वास लांबतो.

इथं मला जात्याची आठवण येते. माझी आजी सातारच्या बाजूची. ती पहाटे दळायची तेव्हा समोर दुसरी बाई असायची, खुंट्याला दोघींचे हात, आणि दळणाबरोबर ओवी. नवरा, सासू, माहेर, मेलेलं मूल, पाऊस, सगळं त्या ओवीत यायचं. दिवसभरात ज्याला तोंड फोडायची सोय नव्हती ते तिथे बोललं जायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एवढं दुःख, एवढी माया बायकांनी दळता दळता बाहेर काढली. मला जातं परत आणायचं नाही. ती मेहनत कंबर मोडणारी होती आणि पिठाची गिरणी आली ते फार चांगलं झालं. पण गिरणीनं दळण नेलं त्याबरोबर समोरची बाई गेली आणि ओवीही गेली, आणि त्या दोन्हींच्या जागी आम्ही काहीच ठेवलं नाही. मंगळागौरीची झिम्मा-फुगडी, भोंडल्याचा फेर यांचंही तेच. घामाघूम होऊन नाचायचं आणि गाण्यातून सासरची उणीदुणी काढायची, अशी हक्काची जागा होती ती. आज भोंडला होतो, पण हॉलमध्ये, साडेसात ते साडेआठ, फोटोसकट.

छावणीतल्या बायकांनी त्या रिकाम्या जागेवर जे आणलं ते मटार. थंडीत ग्वाल्हेरच्या बाजारात मटाराचे ढीग लागतात आणि प्रत्येक घरात पाच-पाच किलो सोलून ठेवायचे असतात. जानेवारीच्या धुक्यात सूर्य अकरापर्यंत दिसत नाही. तो निघाला की आपापली परात घेऊन छतावर यायचं, असं आम्ही ठरवलं. उन्हाकडे पाठ करून बसायचं. शेंगेची शीर अंगठ्यानं दाबली की ती 'फट्' करते, दाणे परातीत उड्या मारतात, एखादा लहान दाणा तोंडात जातो. हात कामात असले की बोलणं सोपं जातं, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. माझ्या ऐकण्यातल्या सगळ्यात खऱ्या गोष्टी मटार सोलताना कानावर आल्या आहेत. दिवसाच्या उजेडाचाही त्यात वाटा आहे. डोळ्यांवर सकाळ-दुपारचा उजेड पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्रीची झोप वेळेवर येते. स्वयंपाकघर ते वर्गखोली ते स्वयंपाकघर अशा दिवसात तो उजेडच मिळत नाही.

उन्हाळ्यात छत विसरा. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा चालणं दिवस मावळल्यावर, जेवणानंतर, आणि मुलांना बरोबर घेऊन. पंधरा मिनिटं पुरतात. माठात वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी प्यावं, मानेवर ओला पंचा ठेवावा. वाळ्यानं ताण बरा होतो असा दावा मी करणार नाही. पण तहानलेलं आणि तापलेलं शरीर लवकर चिडतं, हे घरातल्या लहान मुलाकडे बघूनही कळतं.

झोप, चहा आणि रक्त, या तिन्हींवर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरणं आहेत. इथे थोडक्यात सांगते. चहातलं कॅफिन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, म्हणून सहाचा 'थकवा घालवणारा' चहा अकराची झोप पळवतो. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, उलट लिंबू पिळलं तर ते जास्त लागतं. आणि लोहाची गोष्ट लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. धाप लागते, चिडचिड होते, जिना चढवत नाही, त्याला आपण ताण म्हणतो, आणि हिमोग्लोबिन निघतं आठ. थायरॉइडचंही तसंच. म्हणून श्वासाचे धडे सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावं, ही माझी पहिली विनंती.

'नैसर्गिक' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. आमच्या मध्य प्रदेशातला नीमच-मंदसौरचा पट्टा अश्वगंधेसाठी प्रसिद्ध आहे. हा मुलूख पूर्वी ग्वाल्हेर संस्थानातलाच. त्यामुळे प्रत्येकीच्या घरी कुणी ना कुणी डबी आणून देतं. अश्वगंधा आयुर्वेदात मानाची वनस्पती आहे, पण औषधच आहे. गरोदरपणी ती घेऊ नये, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि ती घेतल्यावर यकृताला त्रास झाल्याची उदाहरणंही नोंदली गेली आहेत. झाडापासून आलं म्हणून निर्धोक, असं होत नाही.

आणि काही दुःखांना यातलं काहीच पुरत नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं ते स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना शेकशेगडी, तेल, डिंकाचे नि अळिवाचे लाडू देऊन जपतात. बेचाळिसाव्या दिवशी तिच्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि घसरण बरेचदा तिथूनच सुरू होते. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, दिवसरात्र लागतो. छतावर बसलेल्या बायकांनी तो आपापल्या फोनमध्ये 'माहेर' या नावानं साठवला आहे.

ते नाव सुचलं त्याला कारण आहे. आमच्यापैकी बहुतेक सुनांचं माहेर महाराष्ट्रात. झेलम एक्सप्रेसनं पुणं गाठायचं तर जवळजवळ अख्खा दिवस आणि रात्र जाते. पूर्वी माहेरपण हा बायकांच्या विसाव्याचा मान्य असलेला, कुणी प्रश्न न विचारलेला मार्ग होता. आता मुलांच्या परीक्षा, स्वतःची रजा, तिकिटं, यांत तो वर्षातून आठ दिवसांवर आला, आणि ते आठ दिवसही नातेवाइकांकडे जाण्यात संपतात. वर्षातून एकदा आठ दिवस खोगीर उतरवून भागत नाही. ते रोज थोडं थोडं उतरायला हवं, आणि तेवढा वेळ लगाम दुसऱ्या कुणीतरी धरायला हवा. श्वास आईचा आहे, तो तिनं घ्यावा. लगाम धरणारा हात मात्र घरातून यावा लागतो.

सुरुवातीला वहीत तास देणाऱ्यांच्या रकान्यात फक्त बायका होत्या. आम्हीच एकमेकींना देत होतो, म्हणजे एकीच्या पाठीवरचं ओझं दुसरीच्या पाठीवर. मार्चमध्ये एका सासूबाईंचं नाव आलं. त्यांनी लिहायला नातवाला सांगितलं आणि शेजारी स्वतः सही केली. मे महिन्यात समोरच्या घरातली तीच सून वही घेऊन आली. एका पानावर तिच्या नवऱ्याच्या हातची हिंदीतली ओळ होती: 'शनिवार, ४ से ५, मैं।' 'काय केलं' या रकान्यात त्यानं मुलीची वेणी घातल्याचं लिहिलं होतं. त्या शनिवारी वेणी वाकडी आली होती, रिबीन सुटत होती, मुलगी ती सगळ्यांना दाखवत हिंडत होती. आई वरून हे बघत होती आणि खाली उतरली नाही. तिच्या तासाची अजून वीस मिनिटं शिल्लक होती.